सही करण्याआधी लाइटिंग अंधार पडल्यावर तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बाणेरला बारा हजार चौरस फुटांचं नवं ऑफिस तयार झालंय, फर्निचर बसलंय. ग्रिड सीलिंगमध्ये दोन बाय दोन फुटांचे एलईडी पॅनेल आहेत, केबिन आणि कॉन्फरन्स रूममध्ये डाउनलाइट, रिसेप्शनला कोव्ह (सीलिंगच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी) आणि प्रोफाइल लाइट (धातूच्या पट्टीत बसवलेले लांब दिवे). काँट्रॅक्टर म्हणतो, सगळे दिवे लागतात, टेबलावर ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मिळतोय, शुक्रवारी दुपारी येऊन हँडओव्हरच्या कागदावर सही करा. विचारणारे ॲडमिन सांभाळतात, इलेक्ट्रिकलचे नाहीत. मोबाइलवरच्या लक्स ॲपनं तपासलं तर चालेल का, आणि आणखी काय बघायचं, असं त्यांनी विचारलंय.

पहिलं उत्तर: शुक्रवारी दुपारी सही करू नका. काँट्रॅक्टर खोटं बोलतोय असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण दुपारी काचेच्या दर्शनी भिंतीतून येणाऱ्या उजेडात लाइटिंगचा एकही दोष धड दिसत नाही. खिडकीजवळ मीटर हजार लक्स दाखवतो, वेगवेगळ्या शेडचे दिवे एकसारखे वाटतात आणि इमर्जन्सी लाइटची तर आठवणही होत नाही. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो. त्यानंतर अर्ध्या तासानं पडदे ओढून काम सुरू करायचं. काँट्रॅक्टरचा एक माणूस हवाच, पण त्याच्याबरोबर शिडी आणि डीबीची (विजेच्या वाटपाच्या बोर्डाची) किल्ली घेऊन प्रत्यक्ष वायरिंग केलेला वायरमनही हवा. कुठला दिवा कुठल्या एमसीबीवर (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आहे ते त्याच्या डोक्यात असतं, ड्रॉइंगवर पुष्कळदा नसतं.

आता लक्सचं. मोबाइलच्या ॲपवर सही करू नका. फोनमधला सेन्सर स्क्रीनची ब्राइटनेस कमी-जास्त करण्यापुरता असतो. तिरका येणारा उजेड तो नीट मोजत नाही, आणि एकाच टेबलावर दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवतात. असा आकडा पुढे केला की काँट्रॅक्टर लगेच हात वर करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असलेला लक्स मीटर मागवा. सर्टिफिकेट एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं आणि मुदतीतलं असावं. मीटर विकत घ्यायची गरज नाही. टेस्टिंग करणाऱ्या एजन्सी तो घेऊन येतात आणि सही-शिक्क्याचा रिपोर्ट देतात.

मोजण्याआधी दिवे निदान अर्धा तास चालू ठेवा. एलईडी गरम झाला की उजेड थोडा उतरतो, आणि तुम्हाला तो उतरलेला आकडा हवा आहे. मीटरचा सेन्सर टेबलावर आडवा ठेवायचा, जिथे माणूस कागद ठेवेल किंवा कीबोर्ड असेल तिथे. हातात धरून, छातीशी लावून मोजू नका. मोजणाऱ्यानं बाजूला सरकून उभं राहायचं आणि शक्यतो पांढरा शर्ट घालायचा नाही, कारण पांढऱ्या कपड्यावरचा उजेडही सेन्सरवर पडतो. रीडिंग फक्त पॅनेलच्या बरोबर खाली घेऊ नका. दोन पॅनेलच्या मध्ये, कोपऱ्यात, कपाटाला लागून, पार्टिशनच्या सावलीत, सगळीकडे घ्या. किती ठिकाणी घ्यायची याचा साधा हिशेब आहे. खोलीची लांबी गुणिले रुंदी, त्याला टेबलापासून दिव्यापर्यंतची उंची गुणिले लांबी-रुंदीची बेरीज यानं भागायचं. उत्तर एकच्या खाली आलं तर निदान ४ रीडिंग, एक ते दोनमध्ये ९, दोन ते तीनमध्ये १६, तीनच्या वर २५. मोठ्या खुल्या हॉलमध्ये २५ पेक्षा जास्तच घ्या, तिथे कंजुषी नको.

आणि आता या सगळ्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आयएस ३६४६ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात, म्हणजे १९९२ च्या आवृत्तीत, ऑफिसच्या कामासाठी ३००-५००-७५० अशी लक्सची श्रेणी दिली आहे, आणि नेहमीच्या ऑफिसात मधला ५०० धरतात. पण हा ५०० पहिल्या दिवसाचा आकडा नाही. दिवा जुना होतो, डिफ्यूझरवर (दिव्याच्या दुधी आवरणावर) धूळ बसते, भिंती काळवंडतात. हे सगळं झाल्यावरही टेबलावर ५०० उरला पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून डिझायनर मेंटेनन्स फॅक्टर धरतो, ऑफिससाठी बहुतेक वेळा ०.८. पाचशेला ०.८ नं भागलं की ६२५ येतात. म्हणजे नवेकोरे दिवे, नवी सीलिंग, नवा रंग असताना सरासरी ६२५ च्या आसपास मिळाली पाहिजे. काँट्रॅक्टरनं आज ५२० दाखवले तर तो ‘पाचशेच्या वर आहे’ म्हणेल, आणि दोन-तीन वर्षांनी तुमची माणसं ४२० लक्समध्ये बसलेली असतील. लाइटिंग डिझायनरच्या सॉफ्टवेअर रिपोर्टच्या पहिल्या एक-दोन पानांवर हा फॅक्टर लिहिलेला असतो. तो काढून बघा आणि त्यानुसार आकडा मागा. पुण्यात मी हा फॅक्टर ०.८ च्या वर धरूच देत नाही. बाणेर-बालेवाडी, हिंजवडी, खराडी, कुठेही बघा, शेजारच्या प्लॉटवर खोदाई किंवा बांधकाम चालूच असतं आणि ती धूळ एसीच्या ताज्या हवेबरोबर आत येते.

नुसत्या सरासरीवरही जाऊ नका. समजा एका खोलीत नऊ रीडिंग आली: ६४०, ६६०, ६१०, ५९०, ६३०, ६००, ५७०, ५४० आणि ३१०. सरासरी ५७२. ऐकायला बरी वाटते. पण सगळ्यात कमी रीडिंगला सरासरीनं भागलं की ०.५४ येतं, आणि युरोपीय मानक ईएन १२४६४-१ टेबलावरच्या कामासाठी हे गुणोत्तर निदान ०.६ मागतं. त्या ३१० च्या जागी कुणीतरी रोज आठ-नऊ तास बसणार आहे. अशा जागेचं कारण शोधायला मान वर करून सीलिंगकडे बघायचं. बहुतेक वेळा कारण ठरलेलं असतं: एसीची हवेची जाळी किंवा आग विझवणारा स्प्रिंकलर आडवा आला म्हणून पॅनेल एका टाइलनं सरकवलं, किंवा फर्निचरचा लेआउट नंतर बदलला आणि उंच स्टोरेज कपाट पॅनेलच्या बरोबर खाली आलं. दोष कुणाचा यावर वाद घालत बसू नका. स्नॅग लिस्टमध्ये (राहिलेल्या दोषांच्या यादीत) टेबलाचा नंबर आणि रीडिंग लिहा. पॅनेल एक टाइल सरकवणं हे वायरमनचं अर्ध्या तासाचं काम आहे, पण माणसं बसल्यावर तेच काम शनिवार-रविवारवर जातं आणि त्याचे वेगळे पैसे मागितले जातात.

लक्स झाला की मीटर बाजूला ठेवा आणि खुर्चीत बसा. खरोखर बसा, उभं राहून बघू नका. चकाकीसाठी युजीआर नावाचा आकडा असतो आणि ऑफिससाठी तो १९ च्या आत हवा, पण तो हिशेबानं काढतात, साइटवर मीटरनं मोजता येत नाही. डिझाइन रिपोर्टमध्ये तो बघून घ्या आणि साइटवर डोळ्यांवर भरवसा ठेवा. मॉनिटर बंद ठेवून समोर बसा. काळा पडदा आरशासारखं काम करतो. त्यात मागच्या रांगेतलं पॅनेल चौकोनी पांढरा ठिपका होऊन दिसलं तर चालू स्क्रीनवरही तेच डोळ्यांत खुपणार, फक्त लोकांना कारण कळणार नाही आणि ते संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतील. कॉन्फरन्स रूममध्ये टीव्ही बंद करून सगळ्या खुर्च्यांवरून हेच बघा. तिथे आणखी एक गोष्ट करा: दोघं-तिघं बसा आणि खोलीतल्या कॅमेऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावा. डाउनलाइट बरोबर डोक्यावर आले असतील तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि पलीकडच्याला चेहरे भुतासारखे दिसतात. टेबलावर कितीही लक्स मिळाला तरी हा दोष मीटरवर येत नाही.

शेड बघायची तर हॉलच्या एका टोकाला जाऊन सीलिंगच्या रेषेत नजर टाका. एखादा पॅनेल पिवळट, एखादा निळसर दिसेल. ४००० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या शेडचं माप) ऑर्डरमध्ये ६५०० चे दोन पॅनेल घुसणं तर होतंच, पण एकाच ४००० मध्येही वेगळ्या बॅचचा फरक नजरेला कळतो. कामाच्या मध्यात चार पॅनेल फुटले, कंपनीकडून यायला वेळ लागला, मग कुणीतरी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारातून, मिळेल ते आणून लावले, असं घडतं. तपकीर गल्लीच्या मालाला मी नावं ठेवत नाही, गरजेला तीच उपयोगी पडते. पण तुमच्या बिलात एक कंपनी आणि सीलिंगमध्ये दुसरी, हे चालणार नाही. दोन-चार पॅनेल उतरवून मागचं लेबल आणि ड्रायव्हरचं (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) लेबल वाचा. ड्रायव्हरवर आयएस १५८८५ चा उल्लेख आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर या अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. त्याच वेळी पॅनेलच्या आत बघा. पीओपी घासाई आणि रंगकाम चालू असताना हेच पॅनेल कामाचा उजेड म्हणून रात्रंदिवस जाळले असतील तर डिफ्यूझरच्या आत पांढरी धूळ दिसते, आणि काम पावसाळ्यात झालं असेल तर मेलेली पाखरं. ते साफ करून किंवा बदलून घ्या. मेंटेनन्स फॅक्टरमधला बराच भाग तिथेच, तुम्ही राहायला येण्याआधीच खर्च झालेला असतो.

पॅनेल उतरवलाच आहे तर टॉर्च मारून सीलिंगच्या वर नजर टाका. पॅनेलचं वजन नुसतं टी-ग्रिडवर (सीलिंगच्या धातूच्या पट्ट्यांवर) आहे की स्लॅबपासून तारेनं किंवा साखळीनं वेगळा आधार दिला आहे? वेगळा आधार हवा. वायरचे जोड टेप गुंडाळलेले आहेत की कनेक्टरमध्ये, डब्यात? टेपचे जोड मी मान्य करत नाही. ड्रायव्हर टाइलवर मोकळा पडलाय का, त्यावर एसीच्या पाइपचं पाणी ठिबकण्याची शक्यता आहे का? जिप्सम सीलिंगमधल्या डाउनलाइट आणि कोव्हचा ड्रायव्हर बदलायचा झाला तर हात कुठून घालणार? ट्रॅप डोअर (सीलिंगमधलं उघडता येणारं झाकण) नसेल तर आत्ताच करून घ्या, नाहीतर एका ड्रायव्हरसाठी पुढे सीलिंग फोडावी लागेल. धातूच्या प्रोफाइल लाइटला अर्थिंगची हिरवी वायर खरोखर जोडलेली आहे का, हेही वायरमनला उघडून दाखवायला सांगा. कोव्हमध्ये पट्टीचं शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा मंद दिसत असेल तर एकाच टोकानं सप्लाय दिलाय. दुसऱ्या टोकानंही द्यायला लावा किंवा पट्टीचे तुकडे करून वेगळे ड्रायव्हर मागा.

आता डीबीपाशी या. इथे ॲडमिनची माणसं थांबत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच दडलेलं असतं. लाइटिंगचा डीबी थ्री-फेज असतो, आणि तीनही फेजचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) एका लिंकवर, म्हणजे धातूच्या पट्टीवर, येतो. त्या लिंकचा किंवा इनकमरचा (डीबीच्या मुख्य स्विचचा) न्यूट्रल स्क्रू सैल राहिला तर सगळं ठीक चालतंय असं वाटतं, आठ-पंधरा दिवस काहीच होत नाही. मग जोड गरम होऊन सुटतो, आणि ज्या फेजवर लोड कमी असतो तिथला २३० व्होल्टचा सप्लाय चढत चढत ४०० च्या दिशेनं जातो. ड्रायव्हर धडाधड जातात. खराडीतल्या एका ऑफिसात हे मी जवळून बघितलंय. उद्घाटन होऊन आठवडाही झाला नव्हता, सकाळी लोक आले तर एका फेजवरचे जवळपास सगळे पॅनेल मेलेले, आणि जळका वास. काँट्रॅक्टर म्हणाला व्होल्टेज फ्लक्च्युएशन, बिल्डिंगवाले म्हणाले आमचा सप्लाय ठीक आहे, आणि पॅनेलच्या कंपनीनं वॉरंटी नाकारली, कारण ड्रायव्हरवर जास्त व्होल्टेज आल्याचं त्यांना दिसत होतं. आतला तो एक स्क्रू हातानं फिरत होता.

म्हणून हँडओव्हरला डीबीचं झाकण उघडून प्रत्येक न्यूट्रल आणि फेजचा स्क्रू सप्लाय बंद करून टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या) आवळून घ्या, आणि त्यावर मार्करनं रेघ मारायला लावा. स्क्रू पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसते. मग सगळे दिवे तासभर पूर्ण चालू ठेवून थर्मल कॅमेरा फिरवा. एखादा जोड शेजारच्यांपेक्षा ठळक गरम दिसला की तिथे काम आहे. इन्सुलेशन टेस्टचा रिपोर्ट मागा: ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), किमान १ मेगाओम, आणि चांगल्या नव्या वायरिंगमध्ये आकडा त्याच्या कितीतरी वर येतो. पण मेगर मारताना ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्शन सुटे केले होते का, हे विचारा. जोडलेले असताना मेगर मारला तर एक तर रीडिंग खोटं येतं, नाहीतर ड्रायव्हर अर्धमेला होतो आणि त्याचं दुखणं दोन महिन्यांनी वर येतं.

आणखी एक चाचणी कुणी करत नाही. सगळे लाइटचे स्विच चालू ठेवून डीबीचा इनकमर बंद करा आणि परत चालू करा. असं तीन-चार वेळा. एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर खूप मोठा करंट ओढतो. एका एमसीबीवर जास्त ड्रायव्हर टाकले असतील तर एकेक रांग चालू करताना काही होत नाही, पण वीज जाऊन डीजीवर (डिझेल जनरेटरवर) परत आली की सगळे एकदम सुरू होतात आणि एमसीबी पडतो. रोज संध्याकाळी वीज गेल्यावर कुणीतरी डीबीपाशी पळावं लागणार असेल तर ते आजच कळलेलं बरं. उपाय म्हणजे सर्किट विभागणं किंवा एमसीबीचा टाइप बदलणं, पण ते काम इलेक्ट्रिकल कन्सल्टंटच्या सहीनं करा. वायरमननं हातासरशी मोठा एमसीबी टाकला तर वायरचं संरक्षण जातं.

डीबीपाशीच आहात तर क्लॅम्प मीटरनं, नाहीतर डीबीवर एनर्जी मीटर असेल तर त्यावरून, सगळ्या दिव्यांचा एकूण लोड टिपून घ्या. बारा हजार चौरस फूट म्हणजे साधारण १११५ चौरस मीटर. एनर्जी कन्झर्व्हेशन बिल्डिंग कोड २०१७ मध्ये ऑफिससाठी प्रति चौरस मीटर ९.५ वॉटची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या जागेला साडेदहा किलोवॉटच्या आसपास. आजच्या चांगल्या पॅनेलनं याच्या बरंच खाली राहता येतं. लोड जास्त आणि लक्स कमी निघाला तर समजा, मंजूर केलेल्या पॅनेलच्या जागी हलकं काहीतरी बसलंय. बिल्डिंग हरित रेटिंगसाठी जात असेल तर हा आकडा तुम्हाला कागदावरही लागेल.

मग दिवे मालवून बघायची वेळ. बिल्डिंग मॅनेजर आणि सिक्युरिटीला आधी सांगून ठेवा, सर्व्हरच्या यूपीएसला हात लावू नका. आधी फक्त पॅसेजच्या लाइटचा एमसीबी पाडा. तिथला इमर्जन्सी लाइट पेटला पाहिजे. कितीतरी ठिकाणी तो पेटत नाही, कारण त्याची वायर वेगळ्या, कायम चालू असणाऱ्या सर्किटवरून घेतलेली असते. त्या लाइटच्या दृष्टीनं वीज गेलेलीच नसते, आणि माणसं मात्र अंधारात उभी. इमर्जन्सी फिटिंगला त्याच जागेच्या नेहमीच्या लाइट सर्किटची जाणीव असली पाहिजे. त्यानंतर डीबीचा इनकमर पाडा आणि घड्याळ लावा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे ५ सेकंदांत इमर्जन्सी उजेड यायला हवा, बाहेर जाण्याच्या वाटेच्या मधोमध जमिनीवर निदान १० लक्स, आणि निदान दीड तास टिकायला हवा. परदेशी डिझाइनवरून उचललेल्या रिपोर्टमध्ये तिथे १ लक्स लिहिलेला सापडतो. तो आपल्याकडे चालत नाही. दीड तासाची चाचणी घ्यायची तर बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज झालेली हवी, म्हणून काँट्रॅक्टरला चोवीस तास आधी सांगा. दीड तास वाट बघणं कंटाळवाणं आहे, पण पंधरा मिनिटांनी निघून जाऊ नका. नवी म्हणून लावलेली पण गोडाऊनमध्ये वर्षभर पडलेली बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते, आणि ती पहिल्या पंधरा मिनिटांत दिसत नाही.

‘आमच्याकडे डीजी आहे’ हे इमर्जन्सी लाइटच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. बिल्डरचा डीजी सुरू होऊन लोड घेईपर्यंत जो वेळ जातो, आणि आग लागली असताना जो सप्लाय मुद्दाम बंद केला जातो, त्यासाठी बॅटरी असते. जिन्यातले लाइट बहुधा बिल्डिंगचे असतात, तुमच्या काँट्रॅक्टरच्या कामात नसतात. तरी दार उघडून बघा. तुमच्या पॅसेजमध्ये १० लक्स आणि दारापलीकडे काळोख असेल तर माणूस पहिल्याच पायरीवर पडेल. मॅनेजरला लेखी कळवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं फॉर्म ए सर्टिफिकेट सुरुवातीला आणि फॉर्म बी दर जानेवारी-जुलैला द्यावं लागतं. त्या एजन्सीच्या तपासणीच्या यादीत तुमचे इमर्जन्सी लाइट आणि एक्झिट साइन धरलेत का, हेही विचारून ठेवा.

आता हालचाल टिपून दिवे लावणाऱ्या सेन्सरबद्दल. छोट्या केबिनमध्ये मायक्रोवेव्ह सेन्सर लावला असेल तर तो काच आणि जिप्समच्या भिंतीपलीकडची हालचालही टिपतो. पॅसेजमधून कुणी गेलं की रिकाम्या केबिनचा दिवा लागतो. त्याची रेंज कमी करता येते, पण फॅक्टरीतून तो बहुधा पूर्ण रेंजवर येतो आणि तसाच बसवला जातो. पीआयआर सेन्सर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा) काचेपलीकडचं बघत नाही, पण टॉयलेटच्या दारामागचंही बघत नाही, आणि एसीचा झोत अंगावर आला तर उगाच फसतो. तपासायचं कसं? केबिनमध्ये बसून नेहमीसारखं टाइप करा, हात हलवू नका. दिवा विझला तर वेळ वाढवून घ्या. काम करणाऱ्या माणसाला दर दहा मिनिटांनी हात हवेत फिरवायला लावणारं लाइटिंग कुणालाच नको. खिडकीजवळचे दिवे दिवसाच्या उजेडावर कमी-जास्त होत असतील तर तेवढ्या एका गोष्टीसाठी दिवसाही एक फेरी मारावी लागेल.

डाली कंट्रोल (प्रत्येक दिव्याला पत्ता देऊन ते डिजिटल पद्धतीनं चालवणं) असेल तर एका लाइनवर जास्तीत जास्त ६४ पत्ते, १६ ग्रुप आणि १६ सीन असतात. कुठला पत्ता कुठल्या फिटिंगला दिला त्याचा तक्ता आणि कंट्रोलरचा पासवर्ड लेखी घ्या. हे दोन्ही प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये राहतात, आणि वर्षानं एक पार्टिशन हलवलं की ग्रुप बदलायला तो माणूस शोधत फिरावं लागतं. मंद केलेल्या दिव्याचा फ्लिकर (लुकलुकणं) फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यानं बघा: १०० टक्क्यांवर, ५० वर, आणि सगळ्यात खाली १० ते २० वर. पडद्यावर ठळक पट्टे किंवा धडधड दिसली तर स्नॅग लिस्टमध्ये घाला आणि ड्रायव्हरचा डेटा मागा. डीजीवर असताना हे पुन्हा एकदा करा.

टॉयलेट, पँट्री, स्टोअर इथे फार वेळ घालवू नका. फक्त यूपीएस रूममध्ये आणि डीबीसमोर उजेड पॅनेलच्या तोंडावर पडतो की मागे, एवढं बघा. रात्री बिघाड दुरुस्त करणाऱ्याचे हात त्या उजेडात असतात.

स्नॅग लिस्ट लिहिताना ‘लाइटिंग नीट नाही’ असं लिहाल तर काँट्रॅक्टर ‘केलं’ म्हणून परत पाठवेल. खोली, टेबल किंवा फिटिंगचा नंबर, रीडिंग, फोटो, आणि कुठल्या तारखेपर्यंत, एवढं प्रत्येक ओळीत हवं. फिटिंगवर छोटा स्टिकर लावा. दोष मिटला की ज्यानं मिटवला त्याची आणि तुमची, दोघांची सही त्याच ओळीत. कागद हातात आल्याशिवाय रिटेन्शनचा (राखून ठेवलेल्या रकमेचा) शेवटचा हप्ता सोडू नका: खरोखर जसं बसलंय तसं ॲज-बिल्ट ड्रॉइंग, डीबी शेड्यूल, परवानाधारक काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, इमर्जन्सी बॅटऱ्यांच्या तारखा, सीलिंग बंद करण्याआधीचे फोटो, आणि तुमच्या कंपनीच्या नावावर केलेली पॅनेल आणि ड्रायव्हरची वॉरंटी. वॉरंटी काँट्रॅक्टरच्या नावावर राहिली तर तो पुढच्या साइटवर गेल्यावर तुमचा फोन कोण उचलणार? त्याच बॅचचे थोडे जादा पॅनेल आणि ड्रायव्हर स्टोअरमध्ये ठेवून घ्या, शंभराला दोन-तीन पुरतात. पुढच्या वर्षी तीच शेड मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

काँट्रॅक्टर शुक्रवारसाठी अडून बसला असेल तर तारीख पुढे ढकलायची गरज नाही. शुक्रवारी संध्याकाळी वर सांगितलेली फेरी करा, आणि सही करायचीच असेल तर स्नॅग लिस्ट त्या कागदाला जोडून, तिचा उल्लेख करून, त्याखाली करा. चांगला काँट्रॅक्टर याला नाही म्हणत नाही, उलट काम एकदाच संपतं म्हणून बरं म्हणतो. फक्त इमर्जन्सी लाइट आणि न्यूट्रलच्या जोडांची चाचणी पास झाल्याशिवाय माणसं बसवू नका. बाकी सगळं बसल्यावरही दुरुस्त होतं, या दोन गोष्टींत तेवढी सवलत नाही. आणि सेन्सर, डालीचे ग्रुप आणि डेलाइटची सेटिंग यांसाठी लोक बसल्यावर महिन्याभरानं एक फुकट फेरी काँट्रॅक्टरकडून आत्ताच लिहून घ्या. रिकाम्या हॉलमध्ये बरोबर वाटलेली वेळ आणि रेंज साठ माणसं बसल्यावर बदलावी लागते, आणि तेव्हा त्या कामाचं बिल कुणाच्या नावावर, हा प्रश्न उरता कामा नये.